गरवणाऱ्याची वही: कोऱ्या दिवसापासून सुरुवात

माझ्या पहिल्या वहीत एकही वाईट दिवस नाही. वर्षभरात सतरा जिताडे, नऊ तांब, एक गोब्रा, पालू आणि करकरे तर मोजायलाच नकोत. कोणी वाचलं तर वाटावं, हा माणूस खाडीवर गेला की मासा स्वतःहून गरीला येतो. खरं असं होतं की मासा लागला की मी घरी येऊन लिहायचो आणि रिकाम्या हाताने आलो की वही उघडायचोच नाही. त्या वर्षी मी किती वेळा गेलो, किती तास बसलो, याची नोंद कुठेच नाही. म्हणून ती वही आज आठवणी काढायला बरी, पण खाडीत मासा वाढला की घटला हे तिला विचारून काही उपयोग नाही.

नव्याने गरवायला, म्हणजे काठी आणि गरीने मासे धरायला, लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. काठी कुठली घ्यावी, तंगूस (गरीची दोरी) किती जाड असावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. आपण हौसेने जे मासे काढतो त्याचा हिशेब कसा ठेवावा, हे मात्र कोणी शिकवत नाही.

आपला मासा कोणाच्याच हिशेबात नाही

आपल्या देशात समुद्रातून किती मासा निघतो याचा अंदाज कोचीची केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था काढते. तिची माणसं बंदरांवर आणि जिथे नौका लागतात त्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी जाऊन, नमुन्यादाखल काही नौकांची मासळी मोजतात आणि त्यावरून महिन्याचा आकडा बांधतात. पद्धत चांगली आहे. पण खाडीच्या बांधावर, पुलाखाली किंवा कातळावर बसून आपण काढलेला मासा त्या बंदरावर जातच नाही. तो पिशवीतून थेट स्वयंपाकघरात जातो. एका माणसाचे दोन मासे म्हणजे काहीच नाही, पण रविवारी पुलावर वीस काठ्या लागलेल्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हवा असतो तो एकच, जिताडा.

जिताड्याची गंमत अशी की तो जन्माला येतो नर म्हणून आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतले थोराड जिताडे जवळपास सगळ्या माद्या. ज्या माशासोबत फोटो काढायला आपण धडपडतो, पुढची पिढी नेमकी त्याच्याच पोटात असते. हाच मासा ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी म्हणून प्रसिद्ध आहे. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बॅरामुंडी ठेवता येत नाही. खालची मर्यादा पिल्लांसाठी, वरची या थोरल्या माद्यांसाठी. आपल्याकडे २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. सुरमईसाठी ती ३७० मिलिमीटर आहे. वरची मर्यादा हा विचार आपल्याकडे अजून रुजलेला नाही. असे नियम करायचे तर कोणत्या आकाराचे मासे किती लागतात हे आधी कळायला हवं, आणि खाडीतल्या माशाबाबत ते आपल्या वहीशिवाय कुठून कळणार?

पहिली पायरी: मासा नाही, फेरी लिहा

वहीतली एक ओळ म्हणजे एक मासा नव्हे, एक फेरी. घरातून काठी घेऊन निघालात की नोंद झालीच पाहिजे, काही लागो न लागो. माझी एक नोंद जशीच्या तशी देतो:

*१४ जुलै २०२४, रविवार, अष्टमी. पुलाखालचा बांध. ५.४० ते ९.१०. काठी १, गरी १. जिवंत कोळंबी. सहाच्या सुमारास ओहोट लागला. पाणी गढूळ. जिताड्यासाठी. जिताडा १, ४३१ मिमी, सोडला, गरी ओठात. शिंगाळे ३, मोजले नाहीत, सोडले.*

एवढं पुरे. वेळेचे दोन आकडे मात्र घड्याळात बघून लिहायचे, ‘सकाळी’ म्हणून भागत नाही. काठ्या किती होत्या तेही लिहा, कारण दोन काठ्या टाकून तीन तास बसलात तर ते सहा काठी-तास होतात. कशासाठी बसला होतात हे लिहायला लोक हटकून विसरतात. बोयांसाठी पिठाची गोळी लावून बसलेल्याला जिताडा लागला नाही, तर त्यात जिताड्याचा काय दोष?

तिथी लिहिली की भरतीची वेळ आपोआप कळते. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पुरी. वर्षानंतर वही चाळताना उधाणाचे (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे) आणि भांगाचे (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचे) दिवस वेगळे काढता येतात. भांगाला पाणी मंद असतं आणि मासाही मंद असतो. ते न कळता आपण उगाच खाडी ओस पडली म्हणत राहतो.

वही साधी, शाळेची. पेन नको, शिसपेन्सिल हवी. ओलसर कागदावर बॉलपेन उठत नाही आणि शाईचं पेन फुटतं. वही दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून ठेवा. फोनवर लिहिलंत तरी चालेल, पण शिंगाळ्याच्या चिकट्याने भरलेल्या बोटांनी फोन उघडून दाखवा, मग बोलू.

आणि त्याच वेळी, तिथेच लिहायचं. घरी जाऊन नाही, आणि रविवारची नोंद बुधवारी तर मुळीच नाही. आठवण किती दगा देते याचं सगळ्यात महागडं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे हौशी मासेमारीचा अंदाज दोन तुकड्यांत काढतात. माणसं धक्क्यावर उभी राहून परतणाऱ्यांचे मासे मोजतात, त्यातून दर फेरीला सरासरी किती मासा हे कळतं. आणि लोक किती फेऱ्या करतात हे पूर्वी घरोघरी फोन करून विचारलं जायचं. दोन्हींचा गुणाकार केला की एकूण मासा मिळतो. ही पाहणी १९७९ पासून चालू आहे. २००६ साली तज्ज्ञांच्या समितीने तिच्यातले दोष दाखवले, मग नवी यंत्रणा उभी राहिली आणि २०१८ पासून फोनऐवजी टपालाने प्रश्नावली जाऊ लागली. लगेच फेऱ्यांचा आकडा फुगला. २०२३ मध्ये पाहणी करणाऱ्यांनी स्वतःच छोटी चाचणी घेतली. ‘गेल्या दोन महिन्यांत किती वेळा गेलात’ हा प्रश्न आधी असायचा आणि ‘गेल्या बारा महिन्यांत’ हा नंतर. त्यांनी फक्त क्रम उलटा केला, तर फेऱ्यांचा अंदाज ३० ते ४० टक्क्यांनी खाली आला. माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला आठवतच तसं होतं. ज्या आकड्यांवर लोकांचा मासेमारीचा हंगाम किती दिवसांचा हे ठरतं, ते आकडे एवढे हलतात. म्हणून म्हणतो, घड्याळ बघा आणि बांधावर बसूनच लिहा.

दुसरी पायरी: मोजणं

वीत ही मोजमापाची पद्धत नाही. आमच्यात एकाची वीत इतकी सोयीची आहे की काठावरचा मासाही तिच्यात बसतो. सुताराकडून सरळ फळीचा तुकडा आणा, एका टोकाला काटकोनात छोटी पट्टी ठोका आणि शिंप्याची टेप तिच्यावर चिकटवून वरून वॉर्निश मारा. टेपचं शून्य त्या उभ्या पट्टीला अगदी टेकलेलं असलं पाहिजे. माझ्या पहिल्या फळीवर ते आठ मिलिमीटर पुढे सरकलेलं होतं आणि सहा महिन्यांचे सगळे मासे मी आठ मिलिमीटरने कमी लिहिले. चूक सापडल्यावर आकडे दुरुस्त करता आले ते केवळ सगळ्यांत सारखीच चूक होती म्हणून. विती-विती लिहिलं असतं तर तेही जमलं नसतं.

फळी आधी पाण्याने ओली करा. कोरड्या लाकडावर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. हातही ओलेच हवेत. मासा आडवा ठेवा, तोंड मिटून नाक उभ्या पट्टीला टेकवा. जिताड्याची शेपटी गोल असते, तेव्हा सरळ टोकापर्यंत मोजा. बांगडा, सुरमई यांच्या शेपटीला खाच असते. तिथे दोन प्रकार पडतात: खाचेपर्यंतची लांबी आणि शेपटीच्या टोकापर्यंतची. कुठलीही घ्या, पण कुठली घेतली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मग बदलू नका.

वजन करत बसू नका. काट्याला जबड्यातून मासा उभा लटकवला की मोठ्या माशाच्या मानेवर आणि आतड्यांवर ताण येतो. सोडायचा असेल तर तो जगण्याची शक्यता आपणच कमी केली. लांबी माहीत असली की वजनाचा अंदाज नंतर कागदावर काढता येतो.

नावं

हा भाग छोटा आहे, पण गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. रायगडात जिताडा म्हणतात, तोच दक्षिण कोकणात खाजरा आणि गोव्यात चोणक. शिंगाळ्याचे तर प्रकारच इतके की एका नावाखाली तीन-चार जाती सहज खपतात. नाव नक्की ठाऊक नसेल तर जे गावात म्हणतात ते लिहा आणि एक फोटो काढा: मासा डावी बाजू वर करून, पर पसरलेले, फळीवरचे आकडे दिसतील असा. तुमचा चेहरा त्यात नसला तरी चालतं.

सोडलेला मासाही लिहायचा

सोडलेला मासा म्हणजे न लागलेला मासा नव्हे. त्यातले काही नंतर मरतात. म्हणून सोडताना दोनच गोष्टी लिहा: गरी कुठे लागली होती आणि रक्त आलं होतं का. ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात असेल तर बहुतेक वाचतो. घशात उतरली असेल तर ओढाओढ करू नका, तंगूस तोंडाजवळ कापून सोडून द्या. ओढून काढलेल्या गरीपेक्षा पोटात राहिलेली गरी माशाला परवडते. वर्षाच्या शेवटी ‘गरी घशात’ अशा नोंदी फार झाल्या तर आमिष किंवा गरीचा प्रकार बदलून पाहा. गोल वळणाची, टोक आत वळलेली गरी बहुधा जबड्याच्या कोपऱ्यातच बसते.

तिसरी पायरी: हिशेब

समजा, एका महिन्यात तुम्ही बारा फेऱ्या केल्या, सगळ्या जिताड्यासाठी, दर वेळी एकच काठी. मिळून ३८ तास. सात फेऱ्या कोऱ्या, पाच फेऱ्यांत सात जिताडे. ७ भागिले ३८ म्हणजे तासाला ०.१८, अर्थात साधारण साडेपाच तासांना एक मासा. आता माझ्या पहिल्या वहीसारखं करा, कोरे दिवस गाळा. उरलेल्या पाच फेऱ्यांचे समजा १७ तास. ७ भागिले १७ केलं की तासाला ०.४१, म्हणजे अडीच तासांच्या आतच एक मासा! खाडी तीच, मासे तेवढेच, फक्त वहीतून वाईट दिवस काढले. पुढच्या वर्षी मासा निम्म्यावर आला तरी ही वही कदाचित तेच सांगेल, कारण घट आधी कोऱ्या दिवसांच्या संख्येत दिसते.

प्रत्येक फेरीचा वेगळा दर काढून त्याची सरासरी करू नका. अर्ध्या तासात एक मासा घेऊन परतलेला दिवस मग सगळ्यांवर भारी पडतो. महिन्याचे सगळे मासे एकीकडे, सगळे काठी-तास दुसरीकडे, आणि एकच भागाकार.

या दराला एक खोड आहे. मासा कमी झाला तरी तो काही काळ तसाच राहू शकतो, कारण माणूस शिकतो. नवीन रबरी मासोळी आणली, कोणी होडीवर मासा दाखवणारं यंत्र बसवलं, तर खाडी रिकामी होत असताना आपला दर टिकून राहतो. म्हणून साधन बदललं की त्या दिवशी वहीत जाड रेघ मारा. आणि दराच्या शेजारी लांबी ठेवा. दर तोच पण मासे वर्षागणिक लहान होत चालले असतील, तर ती बातमी चांगली की वाईट हे लगेच ठरवू नका. नवी पिल्लं भरपूर आली असतील किंवा थोरले संपले असतील. दोन्ही शक्यता तीन-चार वर्षांच्या नोंदीतूनच वेगळ्या होतात.

कावेरीवरची वही

‘आपल्या वहीने काय होणार’ असं विचारणाऱ्याला मी कर्नाटकातल्या गलिबोरेची गोष्ट सांगतो. कावेरीच्या काठी तिथे हौशी लोकांसाठी महसीर पकडून सोडण्याचा कॅम्प होता. कोण किती तास बसला, किती महसीर लागले, केवढे, कोणत्या रंगाचे, याची नोंद १९९८ ते २०१२ अशी ठेवली गेली. सुमारे २३ हजार तासांची मासेमारी आणि सहा हजारांहून जास्त मासे, सगळे सोडलेले. नंतर अभयारण्यातली ही मासेमारी थांबली, पण संशोधकांनी ती नोंदवही उघडली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. तासामागे लागणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती, म्हणजे वरवर सगळं छान. पण रंगाच्या रकान्यात दुसरंच चित्र होतं. मूळचा कुबड्या महसीर विरळ होत गेला होता आणि त्याच्या जागी निळसर परांचा महसीर भरला होता.

तो निळ्या परांचा मासा कावेरीचा नाहीच, तो आपल्याकडचा. लोणावळ्याला टाटांच्या वीजप्रकल्पाच्या तलावांजवळ १९७०च्या दशकापासून महसीरची कृत्रिम पैदास होते आणि तिथली पिल्लं देशभरातल्या नद्यांत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. कुबड्या महसीरला शास्त्रीय नाव मिळालं ते २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो अतिधोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेला. कॅम्पवाल्यांनी नुसते आकडे लिहिले असते आणि माशाचा रंग लिहिला नसता, तर ‘महसीर वाढतोय’ एवढंच हाती राहिलं असतं. म्हणून वहीत एक मोकळा रकाना ठेवा, ‘आणखी काही’ असा. कधी काय उपयोगी पडेल सांगता येत नाही.

चौथी पायरी: एकट्याने नाही

एका माणसाची वही त्या माणसाबद्दलच जास्त सांगते. पाच-सहा जण जमवा, आणि त्यात एखादा नवशिका मुद्दाम घ्या. नाहीतर होतं काय, नेमाने वही लिहिणारे सगळे पट्टीचे गरवणारे असतात आणि त्यांच्या दरावरून खाडी भरलेली वाटते. जागा लपवायची असेल तर लपवा, त्यात काही गैर नाही. खाडीचे चार टप्पे पाडा (मुख, पुलापर्यंत, पुलाच्या वर, बंधाऱ्याजवळ) आणि फक्त टप्पा लिहा. नेमका कातळ लिहायची सक्ती केली की लोक खोटं लिहितात.

आता एकूण मासा किती निघतो हे हवं असेल तर दुसऱ्यांच्या काठ्याही मोजायला लागतात. महिन्यातले दिवस चिठ्ठ्या टाकून निवडा, सुट्टीचे वेगळे आणि कामाचे वेगळे. वेळही चिठ्ठीनेच. आपल्या सोयीने रविवारी सकाळी गेलात तर रविवार सकाळच मोजली जाईल. ठरलेल्या वेळी बांधावरून एक फेरी मारा आणि त्या क्षणी पाण्यात किती काठ्या आहेत तेवढं मोजा. समजा रविवारच्या अशा आठ फेऱ्यांची सरासरी सहा काठ्या आली आणि दिवसाचे बारा तास धरले. ७२ काठी-तास. वरचा ०.१८चा दर लावला तर एका रविवारी सुमारे १३ जिताडे. हा आकडा चढाच असणार, कारण पुलावरचे सगळे काही जिताड्यासाठी बसत नाहीत आणि तुमच्याइतके मुरलेलेही नसतात. रात्री बसणारे मात्र यात आलेच नाहीत.

म्हणून त्यांच्याशी बोलायला लागतं, आणि इथे थोडं सांभाळून. गरवायला बसलेल्याला तोंडावर ‘काय गावला?’ विचारलंत की तो पिशवीवर पाय ठेवतो. आधी बाजूला बसा, पाण्याबद्दल बोला, आमिष कुठलं लावलंय ते बघा. मग ‘किती वाजता आलात काका?’ हा प्रश्न कोणालाही खटकत नाही, आणि तुम्हाला तोच हवा असतो. पिशवी दाखवली तर मोजा, नाही दाखवली तर ‘दाखवली नाही’ असं लिहा. शून्य लिहू नका. शून्य आणि माहीत नाही यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि हेही ध्यानात असू द्या की जो सहा तास बसतो तो तुमच्या फेरीत सापडतोच. जो तासाभरात उठून जातो तो क्वचित.

मग पुढे

पहिल्या वर्षी कसलाच नियम करू नका, नुसतं लिहा. दुसऱ्या वर्षी आकडे समोर ठेवून गटात बसा. आमच्या गटाने एक ठरवलं: ८०० मिलिमीटरच्या वरचा जिताडा सोडायचा, वर्षभर. यावरून भांडणं झाली. ‘वर्षातून एकदा लागतो, तोही सोडू?’ असं एक जण म्हणाला आणि त्याचं म्हणणं मला अजूनही पटतं. पण वहीत ८००च्या वरचे मासे तीन वर्षांत मिळून चारच होते, आणि ते बघितल्यावर तो स्वतःच गप्प झाला.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. महिनाअखेर वहीच्या पानांचे फोटो काढून गटातल्या दोघांकडे ठेवा. माझी तिसऱ्या वर्षाची वही कातळावरून घसरून पाण्यात गेली आणि त्यातले चार महिने कायमचे गेले. आणि वर्षाची बेरीज तालुक्याच्या मत्स्य व्यवसाय कार्यालयात किंवा जवळच्या मत्स्य महाविद्यालयात नेऊन द्यायची असेल, तर कच्ची पानंही सोबत न्या. नुसती बेरीज दिलीत तर पहिला प्रश्न येईल, ‘फेऱ्या किती?’